पालथा दगड

मुकादमिणीला किळस फार लवकर यायची, आणि नशिबाने नवरा असा मिळाला होता की किळस येण्यासारखं काही ना काही रोज उंबरा ओलांडून आत यायचं. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, एवढं काय मेलं नाक मुरडायचं, नवरा घरात आणतोच आहे, घरातलं बाहेर नेत नाही. त्यांचं काय जात होतं म्हणायला. घासायला त्या येत नव्हत्या.

मुकादमांचा धंदा पाडकामाचा. कुणाला जुनी इमारत पाडून तिथे नवी उभी करायची असली की आधी मुकादमांची माणसं घण, पहारी आणि फावडी घेऊन पोचायची. या धंद्यात एक रीत आहे. जो भिंत पाडतो, त्या भिंतीतून शाबूत निघालेलं सामान त्याचं. विटा, चौकटी, गज, फरशा, नळ, पाइप, जे सुटून येईल ते. बाकीचे पाडकामवाले हा पसारा तिथल्या तिथे भंगारवाल्याच्या गळ्यात मारून मोकळे होतात. मुकादमांना ते जमायचं नाही. एखादी सागवानी चौकट हाती लागली की तिच्यावरून ते हात फिरवत राहायचे, असं लाकूड आता बघायला मिळत नाही म्हणायचे, आणि संध्याकाळी ती चौकट टेम्पोतून घरी यायची. लग्न झालं तेव्हा मुकादमिणीला हा माणूस काटकसरी वाटला होता. पुढे कळलं की ही काटकसर नव्हे, हे व्यसन आहे. दारू पिणारा निदान बाटली तरी बाहेर टाकून येतो.

स्वतःचं घर बांधायला काढलं तेव्हा तर मुकादमांना रान मोकळं मिळालं. विटा एका बंद पडलेल्या कारखान्याच्या, धुराने काळ्या झालेल्या. वरून गिलावा झाला, रंग झाला, पण आत काय आहे ते तिला ठाऊक होतं आणि भिंतीला टेकून बसताना आठवायचं. स्लॅबमधल्या सळ्या दुसऱ्या कुठल्या स्लॅबमधून उपसून, रस्त्यावर ठोकून सरळ केलेल्या. वाळू आणि सिमेंट तेवढं नवं होतं, कारण ते जुनं मिळत नाही. मिळालं असतं तर त्यांनी तेही सोडलं नसतं. न्हाणीघराला एका लॉजच्या फरशा लागल्या, त्याही चार रंगांच्या, कारण एका रंगाच्या पुरेशा धड निघाल्या नाहीत. निजायच्या खोलीला कुठल्याशा कचेरीचा दरवाजा होता. त्यावर पितळी अक्षरांत ‘ढकला’ असं लिहिलेलं होतं आणि तो बसवला होता असा की ओढल्याशिवाय उघडायचा नाही. पाहुणे ढकलत राहायचे आणि मुकादम हसत राहायचे.

हात धुवायचं बेसिन एका सलूनमधलं होतं. पहिल्याच आठवड्यात ते तुंबलं. मुकादमिणीने तार घालून ओढली तर नळीतून परक्या माणसांच्या केसांचा गठ्ठा बाहेर आला, साबणाच्या राड्याने बरबटलेला, उंदराएवढा. ती दिवसभर जेवली नाही. मुकादमांनी गठ्ठा कागदात गुंडाळून फेकला आणि म्हणाले, आता बघ कसं सरसर पाणी जातं. बैठकीतल्या भिंतीला कुठल्याशा दवाखान्यातल्या लाकडी फळ्या होत्या. ज्या बाकांवर रोगी बसायचे त्यांच्या पाठीमागच्या. त्या फळ्यांवर डोक्याच्या उंचीला तेलाचे गोल डाग होते, ओळीने. तिने सोडा लावला, लिंबू चोळलं, रॉकेल लावलं. डाग जायचे आणि उकाडा वाढला की पुन्हा वर यायचे. ती त्या भिंतीकडे पाठ करून बसायला शिकली.

एवढं सगळं तिने गिळलं ते एका अटीवर. बांधकाम जोत्यापर्यंत आलं होतं तेव्हाच तिने बजावलं होतं की घर तुमचं, ओटा माझा. स्वयंपाकाच्या ओट्याचा दगड नवाकोरा हवा, दुकानातून आणलेला, माझ्याआधी कुणाचा हात न लागलेला. अन्न शिजतं तिथे मला दुसऱ्याचं उष्टं नको. मुकादमांनी मान डोलावली होती. ती म्हणाली होती, नुसती मान नको, तोंडाने बोला. ते तोंडाने बोलले होते.

दगड बसवायच्या वेळी तिला लेकीकडे जावं लागलं होतं. परत आली तेव्हा ओटा तयार होता. पांढरा, जाड, एका सलग तुकड्याचा दगड, हात ठेवला तर तळवा गार व्हावा असा. पाणी टाकलं की थेट सिंककडे जायचं, थेंब थांबायचा नाही. एका टोकाला पेल्याच्या तळाएवढा एक गोल ठिपका होता, बाकीच्या दगडापेक्षा जरा वेगळ्या पांढऱ्या रंगाचा. मुकादम म्हणाले, दगडात अशी गाठ असते कधीकधी, अस्सल असल्याची खूण आहे. तिने त्याला दगडाचा तीळ म्हटलं. घरात कुणी बघत नाही असं पाहून तिने वाकून दगडाला गाल टेकवला होता. लग्नानंतर इतकं स्वच्छ काही तिच्या वाट्याला आलं नव्हतं.

त्यानंतर तिची तक्रार बरीच कमी झाली. ती भाजी दगडावर चिरायची, पीठ परातीत न मळता दगडावरच मळायची. मुकादमांतही एक सुधारणा झाली असं तिला वाटलं. आधीच्या भाड्याच्या घरात ते ओट्याशी उभं राहून जेवायचे, एक कोपर ओट्यावर टेकून, तोंडात घास असताना बोलत. नव्या घरात आल्यापासून ते ताट घेऊन बाहेर टेबलाशी जायला लागले. ती शेजारणीला कौतुकाने सांगायची की स्वतःचं घर झालं आणि आमचा माणूस माणसात आला.

मग लेक बाळाला घेऊन राहायला आली. जावई कामानिमित्त लांब गेला होता, तो येईपर्यंत तिचा मुक्काम इथेच होता. बाळ म्हणजे मुकादमिणीची पहिली नात, घरात सगळे तिला ठमी म्हणायचे. खाली वाकून आंघोळ घालायला मुकादमिणीचे गुडघे तयार नव्हते, म्हणून तिने ओटाच मोकळा केला. सकाळचा स्वयंपाक सुरू व्हायच्या आधी दगड धुऊन पुसून, त्यावर ठमीला उघडी निजवायची, तेल चोळायची आणि कोमट पाणी हळूहळू ओतायची. उकाड्याचे दिवस होते, दगडाचा गारवा पोरीला आवडायचा. सुरुवातीला दोनचार मिनिटं रडायची आणि मग पाय झाडत खेळायची. लेक म्हणायची, आई, हा ओटा आंघोळीसाठीच केल्यासारखा आहे, पाणी कसं आपोआप वाहून जातं.

या आंघोळीच्या वेळी मुकादम घरात थांबायचे नाहीत. नातीवर जीव होता, दिवसभर तिला खांद्यावर घेऊन फिरायचे, पण पाणी तापलं की चपला पायात घालून बाहेर. पोरीचं रडणं मला सोसवत नाही म्हणायचे. मायलेकी त्यांची थट्टा करायच्या. आख्ख्या इमारती लोळवणारा माणूस, आणि बोटभर पोरीच्या रडण्याला घाबरतो.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि घरात झुरळं झाली.

झुरळ म्हटलं की मुकादमिणीच्या अंगावर काटा यायचा. आणि ही झुरळं तिच्या ओट्याखाली, तिच्या भांड्यांत. तिने पावडर टाकली, धूर केला, सगळे डबे उन्हात मांडले. दोन दिवस बरे गेले की पुन्हा मिशा दिसायच्या. शेवटी एक दिवस तिने ओट्याखालचं कपाट पूर्ण रिकामं केलं, डोक्याला फडकं बांधलं आणि आत शिरून बसली. तळ पुसला, बाजू पुसल्या. मग वर, म्हणजे ओट्याच्या दगडाची खालची बाजू पुसायला हात वर केला तर बोटं एका खाचेत गेली.

खाच दोन बोटं रुंद होती आणि गुळगुळीत होती. दगडाच्या कडेकडेने ती चालली होती. आणि भरलेली होती. झुरळांची अंडी, मेलेल्या झुरळांची टरफलं आणि त्याच्याही आत, दगडाला घट्ट बसलेलं काहीतरी जुनं, तपकिरी, वाळून पापुद्रे झालेलं. चमच्याने खरवडलं तर ते तिच्या मनगटावर आणि मानेवर पडलं. ती कपाटातून बाहेर आली ती थेट न्हाणीघरात गेली. डोक्यावरून पाणी घेतल्यावरही तिला मानेवर काहीतरी चालतंय असं वाटत राहिलं.

संध्याकाळी तिने मुकादमांना विचारलं. त्यांनी जराही वेळ न घेता सांगितलं की ती पाणखाच. दगडाच्या कडेवरून पाणी खाली ओघळून भिंतीत मुरू नये म्हणून खालून अशी खाच मारतात, खिडकीच्या छज्ज्यालाही असते, जाऊन बघ. तिने बघितलं. छज्ज्याला खालून खरंच बारीक खाच होती. खोटं बोलायचं तर असं बोलावं, अर्धं खरं घालून. पण तिचं समाधान काही झालं नाही. छज्ज्याची खाच सरळ एका रेषेत होती. ओट्याखालची चारी कडांनी फिरत होती आणि चारी बाजूंनी एकाच टोकाकडे खोल होत गेली होती. त्या टोकाला एक भोक होतं, बुजवलेलं. वरच्या बाजूने बघितलं तर तिथे दगडाचा तीळ होता.

त्याच आठवड्यात तिची मोठी नणंद ठमीला बघायला आली. नणंद सरकारी दवाखान्यात नर्स होती, सगळी नोकरी तिने त्या जुन्या इमारतीत काढली होती आणि निवृत्त झाल्यावर लगेचच ती इमारत पाडली गेली होती. बाई सडेतोड, पण मायेची. आल्याआल्या तिने ठमीला उघडं करून डोक्यापासून पायापर्यंत तपासलं, पोरगी ठणठणीत आहे असा निकाल दिला, आणि चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात वहिनीशी बोलत बसली. लेक आतल्या खोलीत बाळाला पाजत होती.

झुरळांचा विषय निघाला तशी मुकादमिणीने खाचेबद्दल सांगितलं. म्हणाली, ताई, तुम्ही एकदा बघता का, मला तर ती पाणखाच वाटत नाही. नणंदेने कप ओट्यावर ठेवला, हसत हसत वाकली आणि कपाटात हात घालून दगडाखालून फिरवला. कडेने गेली, कोपऱ्यात वळली, भोकापाशी पोचली. तिथे तिचा हात थांबला आणि हसणंही थांबलं.

तिने हात बाहेर काढला, तो अंगापासून लांब धरून बेसिनपाशी गेली आणि साबण लावून कोपरापर्यंत धुतला. मग दुसराही धुतला. परत येऊन दगडाच्या वरच्या बाजूचा तो गोल ठिपका तिने न शिवता, वाकून बघितला.

“याने आणला कुठून हा दगड?” तिने विचारलं.

“दुकानातून म्हणाले.”

नणंदेने आतल्या खोलीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “हा आमच्या दवाखान्यातला आहे. मागच्या अंगाला प्रेतांच्या चिरफाडीची खोली होती, तिथला. खाचेतून रक्त आणि पाणी वाहून भोकातून खाली बादलीत जायचं. मी किती वेळा त्या खोलीच्या दारात कागद घेऊन उभी राहिलेय. दगड पालथा घातलाय म्हणून वरून ओळखू आला नाही.”

चहाचा अर्धा कप दगडावर तसाच होता आणि नणंदेने तो पुन्हा उचलला नाही. मुकादमिणीला पीठ आठवलं, दगडावर पसरून मळलेलं. चिरलेली भाजी आठवली, जी कितीदा तिने दगडावरून तळव्याने गोळा करून तोंडात टाकली होती. स्वतःचा गाल आठवला. मानेवर पडलेला तपकिरी पापुद्रा आठवला, आणि आता तो झुरळांचा असावा अशी ती मनातल्या मनात प्रार्थना करायला लागली. आणि मग आतून ठमी कुरकुरली, आणि तिला उघड्या पाठीची ठमी आठवली, पाय झाडणारी, दगडावरून पाणी पिण्यासारखं ओठ हलवणारी. ती धावत न्हाणीघरात गेली आणि ओकली.

ओकून झाल्यावर तिने दोन गोष्टी ठरवल्या. एक, लेकीला यातलं अक्षर कळता कामा नये. पाजती बाई आहे, मनाने घेतलं तर दूध आटेल. दुसरी, हे सगळं नवऱ्याच्या तोंडून ऐकायचं. नणंदेनेही लेकीला काही सांगणार नाही असं कबूल केलं, आणि भावाच्या समोर बसायची माझी इच्छा नाही म्हणून तो यायच्या आत निघून गेली.

मुकादम आले ते नेहमीसारखे खुशीत होते. टेम्पोत कुठल्याशा शाळेच्या खिडक्या होत्या. मुकादमिणीने त्यांना घरात येऊ दिलं नाही, मागच्या अंगणात नेलं, जिथे त्यांच्या जुन्या फरशा आणि गज पत्र्याखाली रचलेले होते. भांडण करायचं तर आरडाओरडा करावा, ताटं आपटावी, पण आत लेक होती, म्हणून तिला सगळं हळू आवाजात करावं लागलं, आणि हळू आवाजात राग अर्धाच बाहेर येतो. तिने सांगितलं की ताई आल्या होत्या, त्यांनी दगड ओळखला. मुकादमांनी आधी खांदे उडवले, मग पत्र्यावरची धूळ झटकली, मग कबूल केलं. दवाखाना पाडला तेव्हा तो दगड निघाला. बाकीचा राडारोडा भरावात गेला, पण हा एवढा जाड, एवढा सलग, असा दगड खड्ड्यात ढकलायचा म्हणजे हात धजेना.

“मला दुकानातून म्हणालात,” ती म्हणाली.

“तू ऐकलं असतंस का? अगं, ॲसिडने धुतला, घासायचं मशीन लावून पॉलिश केला. वर जो भाग आहे तो तर खाली होता, त्याला काही लागलेलंसुद्धा नाही. दगड तो दगड. त्याला काय कळतं कोण निजलं आणि कोण नाही?”

“दगडाचं विचारत नाही. तुम्हाला काही वाटलं नाही?”

“नाही वाटलं,” मुकादम म्हणाले. “देवाशप्पथ. वाटलं असतं तर बायकोच्या ओट्याला बसवला असता का मी?”

ते इतकं सरळ म्हणाले की तिचा विश्वास बसला. त्याच क्षणी तिचा अर्धा राग गळून गेला, आणि उरली ती कीव. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोऱ्या आणि भिंती उकरून या माणसाचं नाकच मेलंय, ती मनाशी म्हणाली. जन्मतः आंधळा असेल त्याला दिसत नाही म्हणून कोण मारतं. लबाड आहे, खोटारडा आहे, पण याला किळस कळतच नाही, त्याला काय करणार. अशा माणसाबरोबर संसार होऊ शकतो, फक्त त्याच्या हातातलं सामान दारातच हिसकावून घ्यावं लागतं. तिने सांगितलं की उद्याच्या उद्या दगड निघाला पाहिजे, आणि त्याचा एक कपचासुद्धा या आवारात राहता कामा नये. मुकादमांनी मान डोलावली. या वेळी ती तोंडाने बोला म्हणाली नाही, कारण त्यांच्या तोंडाचं मोल तिला कळून चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दगड निघाला. लेकीला सांगितलं की त्याला खालून तडा गेलाय. घण बसला तेव्हा मुकादमीण दाराशी उभी होती. तुकडे झाल्यावर मुकादमांनी त्यातले दोन मोठे, चांगल्या कडांचे तुकडे सवयीने बाजूला ठेवले, भिंतीला टेकून, मागच्या पायरीला चालतील अशा बेताने. ती त्या तुकड्यांसमोर जाऊन उभी राहिली. त्यांनी तेही टेम्पोत टाकले. टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत ती रस्त्यात उभी राहिली. मग घरात येऊन तिने कपाट, सिंक, भिंत, सगळं उकळत्या पाण्याने धुऊन काढलं. त्या दिवशी सगळ्यांनी बाहेरून आणून खाल्लं.

नवा दगड घ्यायला ती स्वतः दुकानात गेली. मुकादमांना बरोबर नेलं ते ओझं उचलायला. दुकानदाराने करड्या रंगाचा, ठिपक्याठिपक्यांचा एक दगड दाखवला. तिने त्याच्या दोन्ही बाजू बघितल्या, खालून हात फिरवला, आणि विचारलं की हा आला कुठून.

“डोंगरातून, बाई,” दुकानदार म्हणाला. “दगड आणखी कुठून येणार?”

“डोंगरातून निघाला तो थेट इथेच आला?”

“मधे कापायच्या कारखान्यात गेला होता. तिथून इथेच.”

तिने त्याच्याकडून ते पुन्हा एकदा वदवून घेतलं. दुकानदाराने मुकादमांकडे बघितलं, बायकोला काही झालंय का अशा नजरेने. मुकादम दुकानाबाहेरच्या रस्त्याकडे बघत होते.

नवा ओटा तिने दुसऱ्या गवंड्याकडून, स्वतः समोर बसून करून घेतला. पहिल्या ओट्यासारखा तो नव्हता. गवंड्याला उतार तितका साधला नव्हता, पाणी मधेच साचायचं आणि फडक्याने सिंककडे ढकलावं लागायचं. लेक म्हणाली, आई, जुनाच बरा होता गं, तडा गेला तर काय झालं. मुकादमिणीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

ओटा वापरायजोगा झाला त्या संध्याकाळी तिने ताटं वाढली आणि मुकादमांचं ताट सवयीने बाहेर टेबलावर नेऊन ठेवलं. मुकादम हातपाय धुऊन आले, टेबलावरचं ताट उचललं आणि स्वयंपाकघरात आले. ताट नव्या दगडावर ठेवलं, शेजारी कोपर टेकलं, आणि उभ्याउभ्या जेवायला लागले. तोंडात घास घेऊन ते शाळेच्या खिडक्यांबद्दल बोलत होते. भात आणखी वाढ म्हणाले. मुकादमिणीने वाढला. तिला काहीतरी खटकत होतं, पण काय ते नीट हाती लागेना. भाड्याच्या घरात जेवायचे तसे जेवतायत, एवढंच तिला वाटलं, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काय होतं तेही कळेना.

सकाळी तिने पाणी तापवलं. दगड धुऊन पुसून त्यावर जाड टॉवेल अंथरला, कारण उघड्या दगडावर पोरीला निजवायला आता तिचं मन घेईना, मग तो डोंगरातून आलेला का असेना. ठमीला टॉवेलवर ठेवलं. दगड नवा, जागा बदललेली, त्यात टॉवेल खरखरीत, पोरीने आभाळ डोक्यावर घेतलं. असं ती कधीच रडली नव्हती. लेक आत अंथरुणं काढत होती.

मुकादम चपलांकडे गेले नाहीत. ते स्वयंपाकघरात आले, ओट्याशी उभे राहिले आणि वाकून नातीशी बोबडं बोलायला लागले. मग बाह्या वर सारून म्हणाले, आण तो तांब्या इकडे, मी ओततो. आणि तांब्या घेऊन त्यांनी आपल्या हाताने, पाण्याची ऊब आधी मनगटावर बघून, पोरीच्या पाठीवर धार धरली. ठमी जीव काढून रडत होती आणि ते हसत होते.

मुकादमिणीचा तेल लावलेला हात थांबला. कालचं ताट तिला आता समजलं. टेबलाशी जाऊन घेतलेली सगळी जेवणं समजली. रोज सकाळी पाणी तापलं की पायात जाणाऱ्या चपला समजल्या. म्हणजे याचं नाक मेलेलं नव्हतं. याला सगळं कळत होतं, पहिल्या दिवसापासून कळत होतं. स्वतःचा घास त्याने त्या दगडाला एकदाही लागू दिला नाही, आणि तिला त्यावर पीठ मळताना बघत राहिला. पोरीला त्यावर उघडी निजवलेली त्याला बघवत नव्हती, तरी त्याने पोरीला उचललं नाही, तोंड उघडलं नाही, फक्त बाहेर जाऊन उभा राहिला. खाचेतल्या घाणीची तिला आली नव्हती एवढी किळस तिला शेजारच्या त्या ओल्या, बाह्या सारलेल्या हातांची आली.

“रडतेय ती,” ती म्हणाली. “आज सोसवतंय वाटतं.”

मुकादमांची धार थांबली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि तिला सगळं समजलंय हे त्यांना समजलं. तांब्या त्यांनी दगडावर ठेवला. मग त्यांनी खुंटीवरचा कोरडा पंचा काढला आणि पोरीला पुसायला म्हणून पुढे केला.

तिने तो त्यांच्या हातातून घेतला नाही. ठमीला तशीच ओली उचलून छातीशी धरली आणि बाहेर नेली.